यादीवाले काका आणि गळालेलं गाव

माझ्यावर ज्यांचे सर्वांत मोठे उपकार आहेत ते म्हणजे आमच्या दवाखान्यातले यादीवाले काका. साप, वीज आणि पोलीस यांना भिणारी माणसं आमच्या हिंगोली जिल्ह्यात गावोगाव आहेत. काका यांतल्या कशालाच भ्यायचे नाहीत. ते भ्यायचे फक्त रिकाम्या जागेला. कागदावरची असो, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची असो, की एसटीतली असो, रिकामी जागा दिसली की ते आधी थांबायचे, चष्मा वर करायचे आणि तिच्याकडे संशयानं बघायचे. बसमध्ये सीट रिकामी असली तरी ते आधी हातानं दाबून पाहत आणि मगच टेकत. कंडक्टर हसला तर शांतपणे म्हणत, "दिसत न्हाई म्हणजे न्हाईच, असं नसतंय बाबा." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला सुमार नाही. त्याचा अर्थ मला कळला तो मात्र एकदाच, आणि तो कळण्यासाठी जवळा बाजारच्या एका माणसाला तीन बुधवार उपाशी बसावं लागलं.

आमचा दवाखाना डोळ्यांचा आहे. गावोगावी तपासणीची शिबिरं होतात. ज्यांना मोतीबिंदू निघतो त्यांना एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर बुधवारची तारीख असते. त्या बुधवारी दवाखान्याची गाडी गावात जाते, पेशंटला घेऊन येते आणि ऑपरेशन झालं की परत सोडते. गाडी कोणत्या गावाला जायची आणि कोणाला घ्यायचं हे ठरवणारा एकच कागद असतो, तो म्हणजे यादी. यादीत गाव असलं तर गाडी जाते. यादीत गाव नसलं तर जात नाही, आणि ज्याच्याकडे गाडी जात नाही त्याचा डोळा तसाच राहतो. ही यादी काकांच्या खोलीतून निघायची. म्हणून सगळा दवाखाना त्यांना यादीवाले काका म्हणायचा. मोठ्या डॉक्टरबाईसुद्धा.

मी त्या खोलीत कामाला लागलो तेव्हा आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला होतो. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. पदवीच्या कागदावर काय लिहिलंय हे वडिलांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो कागद उलटा-सुलटा करून दोन्ही बाजूंनी पाहिला होता. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून काकांसमोर उभा राहिलो. ते काळ्या पडद्याच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसले होते. माऊस काढून त्यांनी खिडकीत ठेवला होता आणि त्याच्यावर फडकं टाकलं होतं. मला त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कीबोर्ड पुढे सरकवला आणि म्हणाले, "ह्यातलं सगळ्यात जास्त झिजलेलं बटन कोणतं, सांग." मी पाहिलं. अक्षरं सगळी शाबूत होती. खालची लांब पट्टी, जी दाबली की रिकामी जागा पडते, तेवढी आरशासारखी गुळगुळीत झाली होती. काका म्हणाले, "मी मूळचा टायपिस्ट. टायपरायटरवर रिकामी जागा सोडायची तरी बोट उचलून मारावंच लागतंय. फुकटात काही रिकामं राहत न्हाई. कॉलेजात हे शिकवलं का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मंग बस. सुरुवात इथूनच हाय."

ते काम थोडक्यात असं होतं. पेशंटची सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते. त्याला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, पण सरळ देत नाही. उत्तराच्या आगेमागे मोकळ्या जागा चिकटवून देतो. गावाच्या नावासाठी वीस अक्षरांचा खण ठेवलेला असेल आणि नाव चारच अक्षरांचं असेल, तर उरलेल्या सोळा जागा तो रिकाम्या भरून पाठवतो. माणसाला त्या दिसत नाहीत. पण काकांनी लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे दर मंगळवारी ही उत्तरं गोळा करून त्यांची यादी बनवणारा हुकूमनामा, ती मात्र नुसतं 'सेनगाव' आणि मागे सोळा रिकाम्या जागा असलेलं 'सेनगाव' ही दोन वेगळी गावं समजते. काका या जागांना पाहुणे म्हणत. "पुढून आलेला पाहुणा, मागून आलेला पाहुणा. दोघांना हात जोडायचे आन् वाटंला लावायचं. पण दोन शब्दांच्या मधला पाहुणा न्हाई. तो घरचा हाय. त्याला हात लावायचा न्हाई." हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

न दिसणारे हे पाहुणे पकडायची काकांची एक युक्ती होती. ते प्रत्येक शब्दाला दोन्ही बाजूंनी चौकोनी कंस घालून पडद्यावर छापून बघत. कंस शब्दाला चिकटून आला तर ठीक. मध्ये फट दिसली तर तिथे कोणीतरी बसलेलं आहे. "रिकाम्याला भिंती बांधल्या की ते दिसतंय," असं ते म्हणत. ही सवय पडद्यापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण काकांच्या हातून कंसाशिवाय काही लिहिलंच जात नसे. काकू भाजीची यादी सांगत आणि काका कंसात मेथी, कंसात मिरची असं लिहीत. मुलीच्या लग्नात पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हातानं छापखान्यात दिला. छापखानेवाला आज्ञाधारक निघाला. नवरा-नवरी दोघंही कंसात छापून आली. पाहुण्यांनी विचारलं, "काहो, नवरी कंसात काहून? पक्कं न्हाई का अजून?" काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. काकांना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. ते मला म्हणाले, "नावाच्या आगंमागं काही चिकटलेलं न्हाई, याची खात्री तरी झाली ना लोकायला."

त्यांचा दुसरा हट्ट कोऱ्या रकान्यांचा. फॉर्मवर मधुमेहाचा रकाना कोरा आला की ते तो फॉर्म हातात घेऊन उन्हातान्हात वॉर्डापर्यंत चालत जायचे आणि नर्सबाईंना विचारायचे, "बाई, ह्या माणसाला साखर न्हाई, का तुमी इचारलंच न्हाई?" नर्सबाई वैतागत. "काका, कोरं हाय म्हणजे न्हाई, समजून घ्या ना." काका तिथेच उभे राहत. "न्हाई आन् ठाऊक न्हाई, ह्यात लई फरक हाय बाई. एकात माणूस बरा हाय. दुसऱ्यात आपण झोपलेलो हाव." फोनवर समोरचा क्षणभर गप्प झाला तरी ते विचारत, "तुमी गप हाव का लाईन गेली?" त्यामुळे त्यांच्याशी फोनवर भांडण करणं कोणालाच जमत नसे. रुसून गप्प राहायची सोयच नव्हती.

अशा माणसाच्या हाताखाली मी दीड वर्ष काढलं आणि मग मुलीच्या बाळंतपणासाठी काका नांदेडला गेले. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "काही बदलायचं झालं तर आधी फोन कर." मी मान हलवली. मला आतून फार आनंद झाला होता. आता यादी माझी होती.

त्याच आठवड्यात शिबिरांना नवीन टॅब मिळाले. त्यांवरून येणाऱ्या गावांच्या नावांपुढे एका वेगळ्याच प्रकारची रिकामी जागा चिकटून येऊ लागली. काकांच्या स्क्रिप्टला ती ओळखता येत नव्हती. यादी वाकडीतिकडी छापली जाऊ लागली. गाडीचा ड्रायव्हर कागद घेऊन माझ्याकडे आला. "भाऊ, ही यादी नागमोडी निघून राहिली. नाव एका वळीत, गाव दुसऱ्या वळीत. मी गाडी चालवू का कोडं सोडवू?" मला लाज वाटली. काकांना फोन करायचं मनात आलं. पण पदवीधर माणसानं एवढ्यासाठी फोन करावा का, असंही वाटलं. मी बसून विचार केला आणि एका ओळीत काम संपवलं. गावाच्या नावात असतील नसतील तेवढ्या सगळ्या रिकाम्या जागा पुसून टाकायच्या. पुढच्या, मागच्या, सगळ्या. मग तपासून पाहिलं. मी सेनगाव तालुक्यातला, म्हणून तपासलं तेही सेनगाववर. सेनगाव अगदी बरोबर आलं. यादी पट्टी लावल्यासारखी सरळ छापली गेली. मी ती दोनदा छापून पाहिली, केवळ बघायला छान वाटली म्हणून.

जवळा बाजार हे नाव दोन शब्दांचं आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. वारंगा फाटासुद्धा. दोन शब्दांच्या मधली जागाही मी पुसली होती. स्क्रिप्ट पुढे जाऊन गाडीच्या रस्त्यांच्या तक्त्यात जवळाबाजार नावाचं गाव शोधायची. तसं गाव तक्त्यात नव्हतं. मग ती काही न बोलता पुढच्या गावाकडे वळायची. चूक झाली असं ती म्हणाली नाही, कारण न सापडलेल्या गावाचं काय करायचं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिला बुधवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ड्रायव्हर खूश होता. "यादी लई सुटसुटीत केली भाऊ तुमी. दुपारच्या आत गाडी परत." मी ती शाबासकी समजून घेतली.

काका परतले ते त्यानंतरच्या मंगळवारी. पेढे दिले, नातीचं वजन सांगितलं, आणि बसल्या बसल्या माझी सरळ यादी हातात घेतली. वरून खाली एकदा पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जवळा बाजार कुठं हाय?" मी म्हणालो, "पेशंट नसतील काका ह्या आठवड्यात." ते म्हणाले, "नसतील का ठाऊक न्हाई?" त्यांनी कंस घालून गावांची नावं पडद्यावर काढली. जवळाबाजार. दोन्ही कंस नावाला घट्ट चिकटलेले. आगेमागे एकही पाहुणा नव्हता, आणि मध्येही नव्हता. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी मागच्या तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्यांची वही काढली आणि बोट ठेवत मोजलं. वारंगा फाट्याचे तीन, जवळा बाजारचे चार. फाट्याचे दोघं हमरस्त्यावरचे, जीपनं आपले आपण येऊन ऑपरेशन करून गेले होते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. राहिले पाच. काका म्हणाले, "एकाचाबी फोन आला न्हाई?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "येत नसतो."

त्यांनी मला मोठ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. माझ्याबरोबर आले नाहीत. "तुझ्या तोंडानं सांग. माझं नाव मधी आणू नको, आन् कॉम्प्युटरचंबी आणू नको." मी कधी नव्हे एवढा घाबरलो होतो. ही नोकरी गेली तर वडिलांना काय सांगायचं, हे एकच डोक्यात होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते मी नंतर ठरवेन. त्या पाच जणांचे डोळे आधी." मी खोलीत येऊन काकांना म्हणालो, "उद्याच्या बुधवारच्या यादीत पाची जण घालतो." काकांनी मान हलवली. "यादीत घालून उपयोग न्हाई आता. तीन डाव गाडी गेली न्हाई. चवथ्या डावाला ती माणसं कशाला येतील? आपण जाऊ. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही जवळा बाजारला गेलो. चौघांपैकी तिघांची घरं सोपी गेली. एका म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या आणि लगेच तारीख विचारली. एका बाईनं विचारलं, "कॉम्प्युटर खराब व्हता का?" मी हो म्हणणार होतो. काका आधी म्हणाले, "न्हाई बाई. कॉम्प्युटर बराबर व्हता. त्यानं सांगितलं तेच केलं." आणि माझ्याकडे पाहिलं. मग मला सांगावंच लागलं की सांगणारा मी होतो.

चौथा माणूस शिंपी होता. बाजाराच्या रस्त्याला पत्र्याखाली त्याचं मशीन. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यावर जाळं धरलेलं. मशीनच्या कडेला एका उशीवर दोरा ओवलेल्या पंधरा-वीस सुया ओळीनं टोचून ठेवल्या होत्या. बायको सकाळी रोजानं शेतात निंदायला जाण्याआधी तेवढ्या ओवून ठेवायची. त्या संपल्या की हातशिलाई बंद. मशीनचा दोरा तुटला तर ज्याचं कापड त्यानंच तो ओवायचा, असा त्याचा नियम होता, आणि त्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे वळलं होतं. काकांनी दवाखान्याचं नाव सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. त्यानं हात जोडले. म्हणाला, "साहेब, मी काही म्हणलं न्हाई कोणाला."

काका म्हणाले, "तुमी काहून काही म्हणाल? चिठ्ठी दिली आमी, गाडी आणली न्हाई आमी."

"तसं न्हाई साहेब. त्या दिवशी शिबिरात बाईनं पाटीवरचे आकडे वाचायला लावले. मला दिसत नव्हतं, मी अंदाजानं सांगितले. चुकले असतील. मंग गाडी आली न्हाई तवा मी समजून गेलो, नापास झालो म्हणून. नाव काटलं असंल. तरी आणखी दोन बुधवार बसलो. म्हणलं, न जाणो."

मी तिथे उभा होतो आणि मला माझे वडील दिसत होते. माझ्या दहावीच्या दाखल्यासाठी ते एकदा दिवसभर एका कचेरीच्या पायरीवर बसले होते. कारकून थांबा म्हणाला, ते थांबले. कुलूप लागलं तेव्हा उठून घरी आले आणि आईला म्हणाले, आपलाच कागद कमी असंल. कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. आणि आता कुलूप लावणारा मी होतो.

मी म्हणालो, "मामा, तुमचं नाव पास होतं. ते यादीतून मी गाळलं. माझ्या हातून चुकलं."

शिंप्याला ते पटलं नाही. दवाखान्यातला एवढा शिकलेला माणूस असं कशाला करील, असं त्याच्या तोंडावर दिसलं. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. आता राहू द्या. सवय झाली." तो चहा सांगायला निघाला. काका मला म्हणाले, "बस त्या मशीनपाशी. ह्यांची मालकीण येईपर्यंत सुया ओव. रिकाम्या झाल्या हायत." मी बसलो. पहिल्या पाच-सहा सुयांना फार वेळ लागला. शिंपी समोर बसून बायकांच्या झंपराला हुक लावत होता आणि मी ओवलेली सुई बोटांनी चाचपून घेत होता. काका बाकड्यावर बसून डुलक्या काढत होते.

दुपारी त्याची बायको आली. काकांनी सगळं पुन्हा सांगितलं. तिनं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले आणि आम्हाला धुऊन काढलं. "आता आले व्हय? तीन बुधवार हा माणूस सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय बसला स्टँडवर. उपाशी या म्हणलं व्हतं ना तुमी? पिशवीत टावेल, दुसरा सदरा. येणारे जाणारे इचारायचे, शिंपीदादा, सासरवाडीला चालले का? ह्यो हसायचा. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचा."

काका म्हणाले, "वैनी, ह्या बुधवारची गाडी तर गेली. फुडच्या बुधवारी नक्की. न्हाई आली तर मी सोता येऊन घेऊन जाईन."

"तुमी काहून? तुमी म्हातारे झालात. ह्या पोराला पाठवा. गाळलं त्यानं ना?"

"त्यालाच पाठवतो," काका म्हणाले.

वारंगा फाट्याचा राहिलेला एक माणूस आम्ही दुसऱ्या दिवशी गाठला. त्याच आठवड्यात काकांनी माझ्याकडून ती ओळ पुन्हा लिहून घेतली. टोकाची प्रत्येक प्रकारची मोकळी जागा छाटायची, मधली सोडायची, आणि जे गाव तक्त्यात सापडणार नाही ते गप्प न राहता कागदाच्या अगदी वर ठळक छापायचं. या वेळी तपासणी जवळा बाजारवर केली. काका मागे उभे होते. बरोबर आलं, तरी त्यांनी कंस घालून ते पुन्हा एकदा छापून पाहिलं.

पुढच्या बुधवारी मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेलो. जवळा बाजारच्या स्टँडवर तीन माणसं उभी होती. शिंपी नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "चला, येळ होऊन राहिला. नसंल यायचं त्याला." मी उतरलो आणि पळत पत्र्यापाशी गेलो. मशीन झाकलेलं होतं. मागच्या घरात दाराच्या आत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, आंघोळ करून, केसांना तेल लावून. बायको कामावर न जाता शेजारी उभी होती. म्हणाली, "कवाचा तयार हाय. पण स्टँडवर बसत न्हाई म्हणतो. लोकं बघतात." मी त्याचा हात धरला. स्टँडपर्यंतच्या त्या वाटेत त्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं बधिर झाली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी आणि काका दारात उभे होतो. डॉक्टरबाईंनी विचारलं, दिसतंय का? शिंप्यानं खोलीभर नजर फिरवली. मग मला जवळ बोलावलं, माझी बाही दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "साहेब, ही शिलाई उसवली हाय. कच्च्या दोऱ्याची हाय. काढून द्या, पक्की करून देतो." डॉक्टरबाई हसल्या. काका बाहेर गेले. बराच वेळ ते नळावर चष्मा धूत होते. माझ्या नोकरीबद्दल बाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "दर बुधवारी गाडीत तू बसायचंस." तेव्हापासून मी बसतो.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि सेनगावकडच्या आपल्या गावी मुलाकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी त्यांना बोलायला सांगितलं तर उठले, काही क्षण गप्प उभे राहिले आणि बसले. कोणाला वाटलं विसरले. मला तसं वाटलं नाही. आता नवीन खोली आहे, नवीन मशीन आहे, तीन मुलं आहेत हाताखाली. यादी बिनचूक निघते. तरीही मंगळवारी संध्याकाळी ती हातात घेतली की मागून कोणीतरी वाकून बघत असावं, असं वाटत राहतं. फोनवर ते फार बोलत नाहीत. कसे आहात विचारलं की "मी बराबर हाय" म्हणतात आणि ठेवतात. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं :

ती. काका यांस सा. न.

हे पत्र सूनबाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवावं, अशी त्यांना विनंती केली आहे. म्हणून फोन केला नाही. फोन तुम्ही ठेवून दिला असता.

परवा तुमच्या शेजारच्या गावात शिबिर झालं. सूनबाई त्यांच्या आईला घेऊन आल्या होत्या. त्यांनीच सांगितलं की तुम्ही चार महिन्यांपासून पेपर नुसता हातात धरून बसता. चहा कपाच्या बाहेर पडतो आणि तुम्ही म्हणता हात हलला. उजव्या डोळ्यानं दिसत नाही हे तुम्ही घरात कोणाला आपणहून सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, जन्म त्या दवाखान्यात काढला, आता त्यांना काहून तकलीफ द्यायची.

काका, मला राग आला. तुमच्यावर थोडा आणि स्वतःवर जास्त. दर बुधवारी मी तुमच्या गावाच्या फाट्यावरून जातो. एकदाही आत वळलो नाही. तुम्ही बरे आहात असं धरून चाललो. विचारलं नाही.

तुमचं नाव मी यादीत घातलं आहे. मोठ्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या तपासणी आणि ऑपरेशन दोन्ही मी स्वतः करणार. या बुधवारी सकाळी सात वाजता गाडी तुमच्या दारात येईल. मी गाडीत असेन. तुम्ही नाही म्हणालात तर मी ओट्यावर बसून राहीन, आणि बाकीच्या गावांचे पेशंट तुमच्यामुळे खोळंबतील. ते तुम्हाला चालणार नाही, हे मला माहीत आहे.

बरोबर टॉवेल आणि एक जादा सदरा घ्या. काकूंनाही घेऊन चला, राहायची सोय केली आहे. रात्री नीट जेवा. सकाळी मात्र काही खाऊ नका, साखर तपासायची असते. चहासुद्धा नको.

तुमचा,
गाडीत येणारा